कापून टाकलेला घाट

रंभाबाई बहादरपूरहून चालत बुऱ्हाणपूरच्या टॉकीजला यायची, ती फक्त लोटूला बघायला. मी तेव्हा तिथल्या तिकीट खिडकीवर बसायचो.

लोटू तिचा एकुलता एक मुलगा. मुंबईच्या एका स्टुडिओनं तापीच्या घाटावर लढाईच्या पिक्चरचं शूटिंग केलं, तेव्हा आसपासच्या गावांतली पोरं शिपाई म्हणून उभी केली होती. त्यात हाही होता. घाट उतरून नावेत बसायचं, एवढंच काम. दिग्दर्शकानं बजावलं होतं, मागे बघायचं नाही. लोटूनं बघितलंच. वर आई उभी होती ना! त्याच पावसाळ्यात पुरात वाहून आलेली लाकडं ओढताना तो बुडाला. प्रेत काही सापडलं नाही.

पुढे पिक्चर आमच्याकडे लागला. रंभाबाई बायकांच्या बाकांवर अगदी पुढे बसायची. पडद्यावर लोटू वळला की ओरडायची, "लोटू, मी इकडंच आहे रे!" बाया डोळे पुसायच्या, पुरुष हसायचे. त्या हसणाऱ्यांच्या मुस्कटात ठेवून द्यावी असं मला रोज वाटे.

प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. नवरा चुडामण आणि सगळे भाऊबंद तिला तेच सांगत होते. ती ऐकेल तर शपथ! "तो नावेत बसला, मी सोताच्या डोयानं पाह्यलं. पल्याड गेला आहे. येईल वापस."

मग मुंबईचा हुकूम आला. पिक्चर लांबतो, लोक कंटाळतात. घाटाचा सीन कापा आणि तुकडा कंपनीच्या भुसावळच्या ऑफिसला परत पाठवा. आम्ही त्या वेळी नागपूरच्या राज्यात होतो, आणि उद्या कुठल्या राज्यात जाणार यावर चहाच्या दुकानात रोज गप्पा. दिल्लीत नकाशा कापत होते, मुंबईत पिक्चर. कापणाऱ्याला काय माहीत, कात्रीखाली कोणाचं पोर आहे!

आमचा ऑपरेटर कौतिक. त्यानं घाट कापला, पण तुकडा पाठवला नाही. मशीनमध्ये जळाला, असं कंपनीला खुशाल कळवून मोकळा झाला. कुठल्याशा बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचं, हातानं फिरवायचं जुनं मशीन त्याच्या घरी धूळ खात पडलं होतं. ते त्यानं दुरुस्त केलं. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर धोतर ताणायचं आणि रंभाबाईसाठी हँडल फिरवायचं. सोबतीला मीही जायचो.

खरं सांगतो, मला तिथे भीती वाटायला लागली. टॉकीजमध्ये ढोल-ताशे असायचे, घोडे खिंकाळायचे. इथे आवाज नाही, नुसती मशीनची खडखड. लोटू उतरे, वळे, नावेत बसे. पुन्हा उतरे. खोलीत नदीच्या गाळाचा वास येतो, असं कौतिकची बायको कोकिळा म्हणायची. मी तिच्यावर खेकसायचो, कारण मलाही तो येत होता.

एका दुपारी रंभाबाई म्हणाली, "कौतिकभाऊ, दर टायमाले तो जाऊच राहिला. एक बार त्याले वापस आन ना."

कौतिकनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं हँडल उलटं फिरवायला सुरुवात केली.

नाव काठाला आली. लोटू उठला. आमच्याकडे पाठ करून एकेक पायरी तो मागच्या मागे वर चढू लागला. टाचा पुढे, बोटं मागे. मधेच मान वळवून त्यानं आईकडे पाहिलं आणि तसाच येत राहिला.

कोकिळा किंचाळली. उलटे पाय कोणाचे असतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावभर भुताखेतांची टिंगल करत हिंडणारा मी, माझ्या तोंडून मारुतीचं नाव निघालं. "बंद कर रे!" मी ओरडलो. पण रंभाबाईनं हात वर करून मला गप्प केलं. लोटू पार वर येईपर्यंत ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "उलट्या पायानं आला. माहा पोरगा गेला रे, भाऊ." लोटू बुडाल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

त्याच आठवड्यात तापीकाठी पुतळा केला. चुडामणनं पळसाची पानं बांधली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. आमच्याकडे बायका तिथे जात नाहीत. रंभाबाई गेली, आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. तिनं कौतिककडे तुकडा मागितला आणि स्वतःच्या हातानं नारळाभोवती गुंडाळला.

"मावशी, मागं सरका. ही फिलम एकदम भडकते," कौतिक म्हणाला.

चुडामणनं अग्नी दिला तसा नारळ भक्कन पेटला. भटजींचा मंत्र अर्धाच होता. मला रडू आवरेना.

"आता सुलट्या पायानं गेला ना?" रंभाबाईनं विचारलं.

"हो मावशी. सुलटच गेला," कौतिक म्हणाला.

परत निघताना भटजींनी सगळ्यांना बजावलं, मागे बघायचं नाही. रंभाबाई मुकाट्यानं घाट चढत होती. अर्ध्या पायऱ्यांवर ती थांबली आणि वळली. चुडामण ओरडला, "अवो, मागं काहून पाहते?"

"त्यानं माह्यासाठी पाह्यलं होतं ना," ती म्हणाली.