खाली माणसं उभी असलेला डोंगर

आमच्या घरात बर्फाचा विषय निघाला की बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बर्फ बघायला हिमालयात कशाला जायचं? राजोडीच्या कोळणीच्या टोपलीत बघा, वर पापलेटही मिळेल." वसईत केळीच्या वाडीत आयुष्य गेलेला माणूस, थंडी म्हटली की त्यांना पिकाची काळजी. ते होते तोवर आम्ही कुठे गेलो नाही. पावसाळ्यात ते गेले आणि नोव्हेंबरात माझा धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन ओटीवर येऊन बसला. या नाताळात आईला बर्फात न्यायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मला बेत आवडला. बाबांशिवायचा पहिला नाताळ आई कसा काढेल, हा घोर मलाही होताच. घरात दुःख झालं की आमच्याकडे त्या वर्षी नाताळचं गोडधोड करत नाहीत, दारात कागदी चांदणी लावत नाहीत, बाळ येशूचा गोठाही मांडत नाहीत. सगळी आळी उजळलेली आणि आपलंच दार काळोखात. त्यापेक्षा डोंगर बरा. आता ठिकाण तेवढं निवडायचं होतं, आणि तिथेच आमचं बिनसलं.

भाऊ गुलमर्गवर अडून बसला. तिथला रोपवे, तिथलं लाकडी हॉटेल, तिथे बर्फावर घसरायला शिकवणारे लोक. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे डोंगरांच्या बाबतीत मला कोणी अक्कल शिकवलेली खपत नाही. मी औलीचं घोडं पुढे दामटलं. शांत जागा, रुंद उतार, समोर नंदादेवी. डिसेंबरात दोन्हीकडे बर्फाची खात्री नसते, हे ठाऊक असून मी ते फक्त गुलमर्गच्या बाबतीत बोलून दाखवलं. मनालीजवळचं सोलंग मात्र आम्ही दोघांनी चटकन बाद केलं. गर्दी, हनिमूनवाली जोडपी आणि चहाच्या टपऱ्या. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं.

आई शेजारी बसून केळीच्या खोडाच्या सोपटाचे बांधायचे बंद सोलत होती. तिचं माहेर मिठागराकाठचं, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या तोंडात 'पानी' आणि 'कोन' कायम आहेत. काहीही विचारलं की म्हणायची, "तुमी म्हनाल ते." एकदाच तिने मान वर करून विचारलं, "तिकडं देऊळ हाय का?" आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. भावाला तेवढंच हवं होतं. गुलमर्गला बर्फात अर्धं बुडालेलं एक जुनं चर्च आहे, त्याचा फोटो त्याने तिच्यापुढे धरला. झालं, माझी औली तिथेच आडवी झाली. नाताळच्या आधी निघायचं ठरलं. तो तिकिटं काढायला बसला तेव्हा आई म्हणाली, "मग ताटं कोन घेनार?"

भावाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि कानशिलं तापली. ज्या घरात दुःख असतं तिथे चूल गोडाला लागत नाही, म्हणून नाताळच्या दिवशी आळीतलं प्रत्येक घर तिथे झाकलेलं ताट घेऊन जातं. नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्या, शंखासारखे तळलेले गोड कलकल, केकचे तुकडे. लहानपणी अशी ताटं आम्हीच पोचवली आहेत, आणि वाटेत एखादी नेवरी उडवलीही आहे. दार काळोखात असतं ते एवढ्यासाठीच, की त्या दिवशी बाकीच्यांनी तिथे यायचं. आणि आम्ही त्या दाराला कुलूप घालून निघालो होतो.

"आई, लोकांना फोन करून सांगू," भाऊ म्हणाला.

"फोन करून? ताट घेऊन मानूस येतो, बसतो, तुमच्या बाबांचं दोन शब्द बोलतो. ते मला ऐकायचं हाय. मी नाय येत."

त्यावर तो एकदम ओरडला, "आणि मला नाही ऐकायचं! मला नाही बसवणार या घरात त्या दिवशी!" मग त्याने तोंड फिरवलं. तो रडत होता. तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की आईच्या नावाने पळून जायची घाई आम्हा दोघांनाच झाली होती. मी लॅपटॉप मिटला.

नाताळच्या सकाळी देवळातली मिसा आटोपून आलो आणि ताटं यायला लागली. आई आत बायकांमध्ये बसलेली, म्हणून दाराशी भावालाच उभं राहावं लागलं. पहिलं ताट त्याने आणणाऱ्याकडे न बघताच घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. चांदीपचा एक भातवाला शेतकरी आला, कोणे एके काळी बाबांनी त्याला केळीचे मुनवे लावायला फुकट दिले होते म्हणे. कोणी बाबांच्या चिक्कूपणाचे किस्से सांगितले आणि सगळे हसले. दुपारपर्यंत भाऊ येणाऱ्याला स्वतःहून विचारू लागला, "तुम्ही बाबांना कसे ओळखायचे?" जेवायला बोलावलं तरी तो दारातून हलेना.

संध्याकाळी रिकामी ताटं धुऊन पालथी घालताना आई म्हणाली, "आता दाखवा तुमचा बर्फ."

भावाने लॅपटॉप उघडून पुन्हा ते फोटो लावले. या खेपेला तिने एकेक नीट पाहिला. मग आम्ही बाद केलेलं सोलंग आलं आणि तिने बोट ठेवलं. "हितं. हितं खाली मानसं उभी दिसतात."

मी म्हटलं, "अगं, माणसं काय करायचीत? गर्दी नुसती!"

"मला घसरायचं हाय," आई म्हणाली.

ती काय बघेल, काय खाईल, कुठे बसेल, यावर आमचा महिनाभर खल झाला होता. तिलाच घसरायचं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग तिने सांगितलं. लहानपणी ती मिठाच्या राशीवरून घसरायची. चपला काढूनच चढायचं, मीठ मळायला नको. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा बाबांना रास दाखवायला नेलं आणि तिला राहवेना. "तुमचे बाबा खाली माज्या चपला धरून उभे. कोन बघतंय का म्हनून इकडंतिकडं बघतायत. मी खाली येईपर्यंत हलले नायत."

जानेवारीच्या अखेरीस मी शाळेतून रजा काढली आणि आम्ही सोलंगला गेलो. गर्दी होती, जोडपी होती, टपऱ्या होत्या. आईने भाड्याचे जड बूट चढवले, चिमूटभर बर्फ उचलून जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "अळनी हाय." मग शिकवणाऱ्या मुलीबरोबर ती छोट्या उताराच्या वर गेली. मी तिच्यासोबत चढले. वरून तिने खाली पाहिलं आणि तिचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला.

खाली माझा भाऊ उभा होता. तिथे उभं राहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आईचे वसईहून आणलेले कापडी बूट त्याने दोन्ही हातांत छातीशी धरले होते, आणि तो इकडेतिकडे बघत होता.