देसांकाबाईंचं शून्य

कोलुबारा नदीकाठच्या गावांत दर दोन घरांआड कुणाची तरी मूत्रपिंडं निकामी होतात. त्यामुळे डायलिसिस लागलं तेव्हा स्वेतोलिकनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. जन्मभर दुकानदारांची वजनमापं तपासलेला माणूस तो. पथ्यही त्यानं काट्यावर तोलूनच पाळलं. पाणी मोजून, चीज बंद, जेवताना न चुकता अन्नातलं फॉस्फरस अडवणारी गोळी.

शेजारच्या खाटेवर देसांकाबाई असायच्या. एका हाताला नळ्या लागलेल्या असताना दुसऱ्या हातानं त्या पिशवीतून पाव काढायच्या आणि त्यावर थापलेली खारवलेली साय, कायमाक, मिटक्या मारत खायच्या. स्वेतोलिक भिंतीकडे तोंड करायचा.

डायलिसिसवाल्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. ते किती साचलंय हे बघायला डॉक्टर नेवेनानं सगळ्यांचा स्कॅन करवला. स्वेतोलिकचा आकडा दोन हजारांच्या वर गेला. देसांकाबाईंचा आला शून्य.

नावांची अदलाबदल झालीय, यंत्रावर पडताळणीचा शिक्का नाही, असं म्हणत त्यानं नेवेनाला भंडावून सोडलं. शेवटी वैतागून तिनं दोघांचा स्कॅन पुन्हा करवला. शून्य जागचं हललं नाही. स्वेतोलिकचा आकडा मात्र थोडा वाढला.

"मग माझं चुकलं कुठे?" त्यानं विचारलं.

"कुठेच नाही. तुमचा मधुमेह जुना, डायलिसिसही त्यांच्या आधीपासूनचं. बाकी नशीब. आता हृदयाची नीट तपासणी करू, औषधं बदलू. पथ्य मात्र सोडू नका."

नशीब तोलायचं वजन त्यानं नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी इस्त्रीचा कोट घालून, हातकाटा घेऊन तो देसांकाबाईंच्या दारात उभा राहिला. आत येऊन त्यानं कपाटं उघडली, बरण्या हुंगल्या, कायमाकचं भांडं तोललं. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"तपासणी झाली असेल तर बसा, भाऊ. मक्याची भाकरी गार होतेय."

"हे खाल्लं तर मरेन मी."

"आणि न खाऊन काय झालं, ते दोनदा बघितलंत की."

स्वेतोलिकनं खिशातली गोळी काढून तोंडात टाकली आणि तो जेवायला बसला. कायमाक दोनदा मागून घेतलं, वर पाणीही प्यायला.

सोमवारी डायलिसिसआधी वजन केलं तर काटा भलताच पुढे गेला. नर्सनं सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. आजवर तिथे त्याला कुणी शब्दानंही बोललं नव्हतं. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, पण खाटेवर पडताना त्याला हसू आवरेना.

"पुढच्या रविवारी काय बेत आहे?" त्यानं हळूच विचारलं.