आत्याबाईंनी पारखलेला कप

काल नातसुनेनं पातळ, पांढऱ्या चिनी मातीच्या कपात चहा दिला. आल्याचा वास आला आणि मी भोंगवलीच्या, माझ्या सासरच्या ओट्यावर जाऊन पोचले.

तेव्हा भोरला संस्थान होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आले, तर वडिलांनी असेच सहा कप बरोबर दिले होते. माझे सासरे, मामंजी, माळकरी. त्यांनी एक कप उन्हात धरला. पलीकडून स्वतःची बोटं दिसली तसा त्यांचा चेहराच बदलला.

"माती अशी असती व्हय? ह्यात हाडं दळून घालत्यात. घरात न्हाई चालायचं. नदीत टाका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

"थांबा. आदी म्या पिऊन बगते. पाप लागलं तर मला लागंल."

त्या ओट्यावर बसल्या. बशीत न ओतता कपालाच ओठ लावून, डोळे मिटून, घोट घोट चहा प्यायल्या. मामंजी टक लावून त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"काय व्हतंय का?"

"अजून समजंना. सूनबाई, आणिक एक दे."

असं तीनदा झालं. कप घरात राहिले.

माझ्या वडिलांचा मान राखायला त्यांनी हे केलं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले. आता मला ते तितकंसं खरं वाटत नाही. दिवसाढवळ्या, हातात काही काम नसताना बसलेल्या आत्याबाई मी त्याआधी कधी पाहिल्याच नव्हत्या.