डेल्मरचा सोळा फुटी ट्रेलर

डेल्मर हाउक माझा समोरचा शेजारी. वायोमिंगच्या आमच्या गावात जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, आता निवृत्त. बायको जाऊन सहा वर्षं झाली. पिकअपमागे जोडायचा त्याचा सोळा फुटी ट्रेलर आहे. आत पलंग, चूल आणि त्या माउलीने शिवलेले पडदे. दर जुलैत आम्ही तिघं तळ्यावर मुक्कामाला जातो. दर जुलैत माझी बायको आर्लीन आमच्या तंबूतून उठते, त्याच्या ट्रेलरमध्ये डोकावते आणि म्हणते, "किती छान ठेवलंयस रे, डेल्मर." बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. मी जळायचो. लपवून काय करू?

म्हणून यंदा मी तीस फुटी ट्रेलर घेतला. विकणारा म्हणाला, तुझी पिकअप आरामात ओढेल. पण जोडल्याबरोबर पिकअपचं बूड खाली बसलं आणि नाक वर गेलं. हे डेल्मरला दिसणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. जनरेटर, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, सगळं जड सामान मी ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला नेऊन रचलं. मागे वजन पडलं तसं ट्रेलरचं पुढचं टोक उचललं गेलं आणि पिकअप बऱ्यापैकी सरळ झाली.

निघताना डेल्मर एवढंच बोलला, "वारा आहे आज. हळू घे."

त्याने सांगितलं म्हणूनच मी जोरात घेतली.

पठारावर आडवा वारा सुटला. तीस फुटांची ती भिंत वाऱ्याने ढकलली. ट्रेलरचं शेपूट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मग माझी पिकअपही त्याच्याबरोबर हेलकावू लागली. आर्लीनने डोळे मिटून घेतले. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि कशीबशी गाडी कडेला लावली.

मागून डेल्मर आला. त्याने ट्रेलरचं दार उघडून पाहिलं.

"ग्लेन, हे सगळं मागे कोणी रचलं?"

"मी."

"मागे जड झालं की शेपूट हलणारच. आण इकडे, माझ्या गाडीत टाकू. आणि ताशी चाळीस मैलांच्या वर जाऊ नकोस. हे धूड तुझ्या गाडीला जास्तच आहे."

टोमणा मारला असता तर भांडलो तरी असतो. मेला निमूटपणे कॅन उचलत राहिला.

शेवटचा कॅन गेला तशी आर्लीन पर्स घेऊन उतरली. "मीही त्याच्याच गाडीत बसते. तेवढाच भार कमी."

उरलेला रस्ता मी बूड टेकवून, नाक वर करून, एकटा आलो. तळ्याकाठच्या जागेत माझा ट्रेलर मावेना, म्हणून रस्त्याकडेला लावावा लागला. चालत खाली गेलो तर दोघांची कॉफी अर्धी झालेली. तिसरी खुर्ची डेल्मरने मांडून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला आणि माझा मग भरला.

आर्लीनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी घोट घेतला. कॉफीही चांगलीच केली होती मेल्याने.