तारा बदलेपर्यंत

गिटारच्या सहा तारा बदलायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसून असतं, आणि गप्प बसणं आपल्या हिंगोलीच्या माणसाला जमत नाही! मी आणि हनीफचाचा वाद्यदुरुस्तीचं दुकान चालवतो. पेटी-तबला त्यांच्याकडं, गिटार माझ्याकडं. किस्से दोघांच्या वाट्याला. हसण्यासारखे त्यात कमीच.

*

कळमनुरीकडचे एक हेडमास्तर शाळेची गिटार घेऊन आले. खोक्यातून कधी बाहेरच निघाली नव्हती, तारा गंजून गेलेल्या.

"उद्या तपासणी हाय. नव्या टाका."

म्हणलं, "सर, संगीताला मास्तर आहेत का?"

"न्हाईत ना! सुराचं जाऊ द्या हो. मोजल्यावर सहा भरल्या पाहिजेत, बस!"

*

एका पुढाऱ्याच्या चिरंजीवांना वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी गिटार पाहिजे होती. चकचकीत तारा लावून दिल्या. चौकात फ्लेक्स लागला. बघतो तर तारा पोटाकडं अन् गिटारची पाठ लोकांकडं!

मी कपाळाला हात लावला. चाचा म्हणाले, "तू काहून तकलीफ करून घेतो? खाली शुभेच्छा देणाऱ्यांची एवढी नावं हायत. एकालाबी दिसलं न्हाई!"

*

तांड्यावरच्या संजूची डाव्या हाताची दोन बोटं सोयाबीनच्या मळणीयंत्रात गेली. गिटार घेऊन आला. "भाऊ, तारा उलट्या क्रमानं लावा. आता उजव्या हातानं दाबतो."

लावून दिल्या. सहा महिन्यांनी आला अन् समोर बसून वाजवून दाखवलं. असं सुरेख, की चाचांनी हातातली पेटी खाली ठेवली.

मी म्हणलं, "मग तोंड काहून पाडलं?"

"भजनी मंडळानं घेतलं न्हाई. म्हणले, स्टेजवर हात बरा दिसत न्हाई."

*

सेनगावचे एक गृहस्थ लेकीला अन् तिची गिटार घेऊन आले. "तारा काढून टाका आन् पुसून द्या. पोरीचं लग्न जमलंय. सासरी हॉलमधी भिंतीला लावणार हायत."

पोरीच्या बोटांना तारा दाबून दाबून घट्टे पडलेले. मी म्हणलं, "तारा असू द्या की. बऱ्या दिसतील."

"न्हाई. पाव्हण्यांनीच सांगितलंय, बिगर तारांची पाठवा."

मी एकेक तार काढत गेलो. बाप फोनवर बोलत बाहेर गेला, तसा पोरीनं हात पुढं केला.

"काका, त्या मला द्या. गुंडाळल्या की बांगड्यांच्या डब्यात मावतात."

*

आणि दिगंबरमामा. आमच्या ऑर्केस्ट्राचे गिटारिस्ट, माझे गुरू. तार केसभर उतरली तरी चप्पल फेकून मारायचे! ऑर्केस्ट्रा बंद पडला, मामा पोटासाठी डीजेच्या गाडीवर गेले. दहा-बारा लगीनसराया त्या स्पीकरच्या बॉक्सशेजारी उभे राहिले. कान गेले.

परवा त्यांची जुनी गिटार घेऊन आले. मी तारा बसवल्या, नुसत्या खुंट्यांना गुंडाळल्या. सूर लावायचाच होता. तेवढ्यात मामांनी गिटार ओढून घेतली, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. रस्त्यावरचं एक माणूस थांबून हसलं.

चाचा बोलणार होते. मी त्यांचा हात दाबला.

मामांनी डोळे पुसले. माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "बराबर! सूर लावावा तर तुझ्यावानी, लेका!"