साडूंच्या चार जाड तारा

बास गिटार हे वाद्य वाजवण्यासाठी नसून दुरुस्त करण्यासाठीच जन्माला आलेलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस भोर-वेल्ह्याच्या सबंध पट्ट्यात एकच होता, आणि ते माझे साडू होते. सरकारी कचेरीतली नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली, पण ती दोन दुरुस्त्यांच्या मधल्या वेळेत. भोरच्या त्यांच्या घरात मधल्या खोलीला मधली खोली म्हणण्याची सोय नव्हती. तिथे पोट उघडलेले अ‍ॅम्प्लिफायर पालथे पडलेले असत आणि पाहुण्याला बसायला जागा मिळालीच तर ती स्पीकरच्या खोक्यावर. "बसा, पण हलू नका. डिंक ओला आहे," हे त्यांचं स्वागत.

अ‍ॅम्प्लिफायर बंद केला तरी आत वीज दबा धरून बसते, म्हणून तपासताना एक हात खिशात ठेवावा, हा त्यांच्या विद्येतला पहिला नियम. पुढे तो हात खिशातच राहायला लागला. साखरपुड्यात, सत्यनारायणाला, कुणाच्या दहाव्याला, सगळीकडे ते एकाच हाताने नमस्कार करत. माझ्या सासऱ्यांचा तर जावयाला अर्धांगवायू झाल्याचा बरीच वर्षं समज होता. तारा जुन्या होऊन मुक्या झाल्या की साडू त्या उकळत. एकदा ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, डाळ शिजली का पाहायला पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आत वेटोळी घालून बसलेलं ते जनावर बघून हातातली पळी माजघरापर्यंत फेकली. "अगं, तारा आहेत. दहा मिनिटं अजून ठेव," साडू आतून म्हणाले. "आणि जेवायचं काय?" यावर त्यांनी खरोखरच विचार केला.

पावसाळ्यात त्यांना झोप नसे. वेल्ह्याकडच्या दमट हवेने गिटारची मान वाकते आणि मग मानेतली सळई पाव पाव वळणाने पिळावी लागते. आज पाव, उद्या पाहायचं, परवा पुन्हा उलटी पाव. दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलगा पेढे घेऊन पुढे उभा राहिला तर हे म्हणाले, "थांब, मान सरळ होतेय."

या सगळ्यामागे एक भीती होती. बास कुणाला ऐकूच येत नाही, ही. गाणारा ऐकू येतो, ढोल तर नको तेवढा ऐकू येतो. पण हे खालचे जाड सूर? दुरुस्ती झाली की ते मला गल्लीच्या टोकाला उभं करत आणि खिडकीतून ओरडत, "येतंय का ऐकू?" मी मान डोलवायचो. ते विचारत, "नक्की? की आपलं नात्यापोटी?" लोकांसमोर ते कधीच वाजवत नसत. विचारलं की म्हणत, "अजून वाद्य तयार नाही."

मग पासलीच्या बेंजो पार्टीचा म्होरक्या ज्ञानू एका सकाळी दारात येऊन उभा राहिला. संध्याकाळी विंझरला वरात होती आणि त्याच्या बासवाल्याच्या बोटाला नखुर्डं झालं होतं. "काका, नगं म्हनू नका. दुसरं कोन हाय हितं?" साडूंनी मानेपासून शेपटापर्यंत दहा हरकती घेतल्या आणि दुपारी स्कूटरवर मला मागे बसवलं. हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

सगळे वाजवणारे टेम्पोत बसले. साडू बसेनात. स्पीकरचा हादरा मानेला बाधतो म्हणाले आणि लांबलचक वायर जोडून टेम्पोच्या मागे चालायला लागले. त्या वयात, गळ्यात गिटार, तोंडावर परीक्षेला बसल्याचा भाव. पण वाजवलं चांगलं. निदान मला तसं वाटलं. मला त्यातलं काही कळत नाही. दुकानांपाशी आलो आणि ते एकदम थांबले.

"तिसरी उतरली."

"अहो, चालू द्या की! कुणाला कळतंय?" मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

त्यांनी रस्त्याकडे पाठ केली आणि गिटारच्या शिंगाला दात टेकवून तार पिळू लागले. लाकडातून सूर थेट डोक्यात जातो म्हणे. दुकानातली एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं बया, ह्यो बाबा गिटार खातोय का काय?" तेवढ्यात वायर ताणली गेली, निसटली आणि टेम्पोमागे फरफटत निघून गेली. तार सुरात लावून साडू वळले, तेव्हा वरात देवळाचं वळण घेत होती. ढोल, बेंजो, शिट्ट्या, सगळं जोरात चालू होतं. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

"बघा," साडू म्हणाले. एवढंच. गिटार त्यांनी सावकाश कापडात गुंडाळली. या माणसाला इतकं म्हातारं मी आधी पाहिलं नव्हतं.

आम्ही मांडवापाशी पोचलो तर घामाने निथळलेला नवऱ्या मुलाचा मामा तरातरा अंगावर आला. "काय वो काका! मदीच का बंद केलं तुमी? समदं वाजत हुतं, पर पायच उचलंना. म्या तर नाचता नाचता हुबाच ऱ्हायलो!"

"माफ करा," साडू म्हणाले. "सूर उतरला होता."

परतताना नसरापूरच्या अलीकडे त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "काय म्हणाला हो तो?"

मी सांगितलं.

"असं नाही. त्याच्याच शब्दांत सांगा."

जन्मभर पुस्तकांत वाढलेल्या माझ्या जिभेला ते नीट जमेना. तरी त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

साडूंना जाऊन आता वर्ष होईल. दुरुस्तीला आलेली ज्याची त्याची वस्तू ज्ञानूने टेम्पोतून पोचती केली. मधली खोली मोकळी आहे, ताईंना कायम हवी होती तशी. मी अधूनमधून जाऊन बसतो. ताई चहा टाकतात, कप काढतात, घरभर हिंडतात, आणि चालता चालता मध्येच उभ्या राहतात.

"काय झालं, ताई?" मी विचारतो.

"काही नाही हो," त्या म्हणतात. "उगीच."