पुढचा उजवा बांबू

नाव: सन्माननीय रेस्तितुतो गुमाबोंग. पद: प्रांतिक मंडळाचे निर्वाचित सदस्य. शिक्षण: इयत्ता चौथी, अपूर्ण. युद्धसेवा: गनिमी दलात लेफ्टनंट, नेमणूक तोंडी. ओळखीची खूण: उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ. कायमचा पत्ता: बारियो बाकावान, नदीच्या मुखाशी, सरकारी शाळेशेजारी.

ही नोंद माझ्या अक्षरातली आहे. मी एकवीस वर्षं मंडळाचा चिटणीस होतो आणि माझं गावही बाकावानच. त्यामुळे नोंदीत काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, आणि खरं काय तेही.

युद्धाआधी मानोंग रेस्तो मासे धरायचे बांबूचे सापळे विणत. मानोंग म्हणजे थोरला भाऊ. सगळा बारियो, म्हणजे आमची वाडी, त्यांना तसंच म्हणे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. आमच्याकडे घर हलवायचं झालं तर ते मोडत नाहीत. भिंती बांबूच्या, छप्पर झावळ्यांचं. खांब उपटायचे, घराखाली लांब बांबू आडवे-उभे बांधायचे, सगळ्या गावानं ते खांद्यावर घ्यायचे, की घर चालू लागतं. ज्याचं घर त्यानं शेवटी सगळ्यांना पेज आणि ताडी द्यायची. पुढच्या उजव्या बांबूवर जो असतो त्याच्या हाळीवर सगळ्यांची पावलं पडतात. ती जागा मानोंगची. उचला, चला, ठेवा, एवढ्या तीनच आज्ञा त्यांना येत, पण त्या दोन शेतांपलीकडे ऐकू जात.

१९४२ साली जपान्यांनी शहरात ठाणं मांडलं. मानोंगच्या हाताखाली चौदा माणसं आणि तीन बंदुका होत्या. तिसरी बंदूक उडत असे की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. नदीच्या मुखाशी वाळूत रुतलेल्या एका जपानी लाँचवर त्यांनी हल्ला केला, आणि त्यात लाँच कामातून गेली. आता बाकावान जाळायला मोठी लाँच येणार हे सगळ्यांना कळत होतं. ती केव्हा येणार हेसुद्धा कळत होतं, कारण मोठी लाँच पौर्णिमेच्या उधाणाशिवाय मुखातून आत शिरत नसे. पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

"पळायचं का?" कुणीतरी विचारलं.

"माणसं पळतील. घरं?" मानोंग म्हणाले.

सत्तावीस घरं होती. दिवसाला नऊ, चार किलोमीटर चढ, वर डोंगराच्या पाठीला बांबूच्या बनामागे. दुसऱ्या दिवशी तिया पेर्पेतुआचं घर आलं. तिया म्हणजे मावशी. ही कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांना रागवत असे. ती चुलीपुढून उठायला तयार होईना.

"तिया, बाहेर ये. घर उचलायचंय."

"भात अर्धा शिजलाय. उचला तुम्ही. मी बसलेय."

"तुझं वजन कोण उचलणार?"

"चौदा जण जपानला हरवणार म्हणे. एक म्हातारी उचलवेना?"

तिला चुलीसकट उचललं. वर पोचेपर्यंत भात झाला होता, आणि तो करपला नाही हे ती मरेपर्यंत सांगत असे.

पौर्णिमेला लाँच आली. खारफुटीत खेकडे धरत लपलेल्या एकानं पाहिलं ते असं: अधिकारी उतरला, त्यानं नकाशा उघडला, समोर बघितलं. चिखलात खांबांचे खड्डे होते आणि एक डुक्कर. त्यानं नकाशा फिरवून पुन्हा बघितलं. मग त्यांनी डुक्कर नेलं. तीन वर्षांत बाकावानचं दुसरं काही गेलं नाही. आसपासचे पाच बारियो जळले. आमचा जळला नाही, हे आम्ही लग्नात, बारशात आणि दुसऱ्याच्या गावच्या जत्रेत न विचारता सांगतो.

१९५१ साली लोकांनी मानोंगना प्रांतिक मंडळावर उभं केलं. विरोधी उमेदवार वकील होते आणि सभेत दोन तास बोलले. मानोंग उठले, म्हणाले, "वकीलसाहेब चांगलं बोलले," आणि बसले. बाकावानची सगळी मतं त्यांना पडली. वकिलांच्या गावातलीही बरीच पडली. लोक दोन तास उन्हात होते.

सदस्य म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली: बाकावानला शाळा. मुलं सात किलोमीटर चालत शहरात जात, म्हणजे बहुतेक जातच नसत. तीन वर्षांनी शाळा मंजूर झाली, आणि बांधली गेली नदीच्या मुखाशी, कारण नकाशावर बाकावान तिथेच होतं.

"बारियो वर आहे," मानोंगनी इंजिनिअरच्या कचेरीत सांगितलं.

"वर बारियो नाही," कारकून म्हणाला. "हा बघा नकाशा."

"मी तिथे राहतो."

"ते आपलं खाजगी झालं, साहेब."

अशी चिखलात शाळा उभी राहिली. ग्लिसेरिया नावाच्या तरुण मास्तरीणबाई रुजू झाल्या. भरतीला पाणी पायऱ्यांना लागे आणि खालची पायवाट बुडे. वर्गात दोन मुलं असत, ती मासे धरायला आलेली. नियम असा होता की दोन महिन्यांत तीस मुलांची हजेरी दिसली नाही तर शाळा बंद, बाईंची बदली, आणि पुन्हा अर्ज पाच वर्षांनी. शाळा-तपासनीस नऊ दिवसांनी येणार होते. पाच वर्षांनी आजची मुलं होड्यांवर गेलेली असणार होती.

शनिवारी सकाळी ओहोटीला चौसष्ट माणसं खाली उतरली. शाळाही बांबूची आणि झावळ्यांचीच होती, सरकारी असली तरी. मानोंगनी सदरा काढला.

"मानोंग, तुम्ही आता सन्माननीय," कुणी म्हणालं. "बाजूला उभं राहून नुसती हाळी द्या."

"बाजूला उभं राहून मला येत नाही."

बाईंनी घाबरून विचारलं, "याला परवानगी आहे का?"

"जपान्यांचीही नव्हती," तिया पेर्पेतुआ म्हणाली. तिचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होतं आणि तिला पाटावर बसवून खाली आणलं होतं. "पोरी, आत जाऊन बस. मी बसले होते. काही होत नाही."

बाई दोन्ही हातांनी फळा धरून आत बसल्या. मानोंग पुढच्या उजव्या बांबूला लागले. उचला. चला. दुपारी शाळा डोंगरावर होती. पेज द्यायची कुणी हा प्रश्न निघाला, कारण घर सरकारचं होतं. शेवटी मानोंगच्या बायकोनं दिली.

तपासनीस ठरल्या दिवशी नदीच्या मुखाशी आले. खड्डे पाहिले. नकाशा फिरवून पाहिला. डुक्कर या वेळी नव्हतं. त्यांच्या अहवालात होतं: 'शासकीय इमारत जागेवर नाही. संशय सन्माननीय सदस्यांवर.' सरकारी मालमत्ता हलवल्याचा आरोप सिद्ध झाला तर पद जाणार होतं, आणि शाळा परत खाली येणार होती. मंडळाची बैठक भरली. इतिवृत्त मी लिहीत होतो.

"शाळा तुम्ही नेली?" गव्हर्नरांनी विचारलं.

"मी पुढचा उजवा बांबू नेला. बाकीचे त्रेसष्ट जण बाहेर उभे आहेत. बोलावू?"

गव्हर्नरांनी खिडकीतून पाहिलं. गव्हर्नरही मतांवरच निवडून येत, आणि निवडणूक वर्षावर आली होती. "नको. नेली कुठे?"

"बाकावानला."

"ती बाकावानलाच होती," तपासनीस म्हणाले.

"नाही साहेब. पद जाऊ द्या, पण वर चढून एकदा हजेरी घ्या. ती घेतल्याशिवाय शाळा खाली आणू नका."

चार किलोमीटर चढून, घामाघूम होऊन तपासनिसांनी हजेरी घेतली. त्रेचाळीस मुलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी त्रेचाळीसच लिहिली. नियमात तीस मुलं हवीत असं होतं. ती किती उंचीवर हवीत हे नव्हतं. मंडळानं ठराव केला: शाळा बाकावान येथेच चालू राहील, विनापरवाना हालचालीबद्दल सदस्यांना समज, नदीच्या मुखाशी पडलेले खड्डे त्यांनी स्वखर्चानं बुजवावेत.

मानोंगनी समज उभं राहून ऐकली. म्हणाले, "खड्डे भरतीनं बुजवले. आभार तिचे माना."

ते आणखी दोनदा निवडून आले. त्या शाळेतून आजवर अकरा मास्तर, दोन परिचारिका आणि एक मोजणीदार निघाला. नकाशा दुरुस्तीचा प्रस्तावही मंजूर आहे. मोजणीदाराची नेमणूक तेवढी व्हायची आहे.

मानोंग १९६८ साली गेले. मंडळानं एकमतानं शोकप्रस्ताव केला आणि नियमाप्रमाणे तो कायमच्या पत्त्यावर पाठवला. त्या पत्त्यावर १९४२ पासून कुणी राहत नाही. भरतीला तिथे कमरेएवढं पाणी असतं.